जुने सोनोस स्पीकर आणि नासवरची गाणी: सुरक्षित जोडणी

जुने सोनोस स्पीकर आजही झकास वाजतात, टाकून देऊ नका! एस१ ॲपवरच्या मॉडेलांची अडचण एकच: नासवरची (घरच्या नेटवर्कवरच्या स्टोरेजवरची) गाणी वाचायला त्यांना एसएमबी या फाइल-शेअरिंग प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती लागते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तो विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या त्रुटीतून. त्यामुळे ती नासवर सुरू करू नका. तिथे घरचे फोटो आणि बॅकअपही असतात.

त्याऐवजी नास आणि स्पीकर यांच्या मध्ये एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवा:

१. नासवर वेगळं खातं काढा. त्याला फक्त गाण्यांचा फोल्डर दिसावा, तोही रीड-ओन्ली.
२. पायवर तो फोल्डर एसएमबी ३ वापरून माउंट करा.
३. पायवरच्या सांबा या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरमधून तो पुन्हा रीड-ओन्ली शेअर करा. सांबा ४.११ पासून जुनी आवृत्ती मुळातच बंद असते. म्हणून किमान प्रोटोकॉल एनटी१ (म्हणजे एसएमबीची ती जुनी आवृत्ती) करा, जुनी एनटीएलएम पडताळणीही चालू करा.
४. या शेअरचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नका.
५. पायच्या फायरवॉलमध्ये हा शेअर फक्त स्पीकरच्या आयपींना खुला ठेवा.

आता कुणी पायमध्ये घुसलंच, तरी त्या खात्यातून गाणी फक्त वाचता येतील. पुसता येणार नाहीत.