खुराडं सुटं हवं

पाच-सात गावठी कोंबड्या पाळायचं ठरलं की माणूस आधी सुताराकडे जातो. रावेरला लाकडाचा तुटवडा नाही. जुन्या दाराच्या फळ्या, बाभळीचे वासे, वखारीतल्या पट्ट्या असं काहीबाही मिळतंच. सुतार अर्ध्या दिवसात चौकट ठोकून देतो, वर पत्रा, पुढे जाळी, झालं खुराडं. दिसायला भक्कम. पण ज्याची खरी काळजी करायची, तो खुराड्याच्या सांध्यांत कधी येऊन बसला ते कळतही नाही.

तो म्हणजे कोंबडीचा लाल कोळी. कापसावरचा आणि भाजीपाल्यावरचा लाल कोळी इथल्या शेतकऱ्याला ठाऊक असतो. हा त्याचा लांबचा भाऊबंद, मात्र पानाऐवजी रक्तावर जगणारा. गावात याला, उवांना आणि गोचिडीला सरसकट ‘पिसवा’ म्हणून मोकळे होतात आणि तिथेच उपाय चुकतो. ऊ कोंबडीच्या अंगावरच राहते, म्हणून तिचा इलाज अंगावर. लाल कोळी दिवसभर लाकडात राहतो, अंधार पडला की दांडीवर चढतो, रक्त पितो आणि उजाडण्याआधी फटीत परततो. दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिली तरी तो सापडत नाही. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, उपाशी असताना राखाडी, प्याल्यावर लाल. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. थंड हवेत तर तो कित्येक महिने उपाशी तग धरतो. म्हणून रिकामं पडलेलं जुनं खुराडं स्वस्तात मिळालं की आनंद मानू नये.

गोचीड त्याहून चिवट. तीही फटीत लपते, रात्रीच येते आणि कोंबड्यांचा एक तापही पसरवते. उष्ण, कोरड्या मुलखात ती हमखास असते आणि खानदेश तसाच मुलूख आहे.

तेव्हा खुराडं बांधताना एकच गोष्ट मनाशी धरावी: ते पूर्ण सोडवता आलं पाहिजे. खिळ्याऐवजी नट-बोल्ट किंवा स्क्रू. दुहेरी फळी नको, प्लायवूडचे थर नकोत, नक्षीची पट्टी तर मुळीच नको. जितके सांधे कमी तितकं बरं. बसायची दांडी खाचेत नुसती ठेवलेली असावी, एका हाताने उचलता यावी, कारण दांडी जिथे टेकते तिथेच कोळ्यांची वस्ती सर्वांत दाट असते. दांडीची साल काढून ती घासून घ्यावी आणि प्रत्येक कोंबडीला आठ-नऊ इंच जागा द्यावी. अंड्याचा खोका साधारण फूटभर लांब-रुंद, चार-पाच कोंबड्यांत एक, तोही बाहेर ओढता येणारा.

पाय दीड-दोन फूट उंच ठेवून प्रत्येक पाय तेलाच्या डब्यात उभा करायची जुनी युक्ती आहे. मुंग्या आणि वाळवी थांबतात, भिंतीतून चालत येणारी गोचीडही अडते. मात्र खुराडं भिंतीला टेकलेलं असेल तर डबे शोभेचेच. मुंगूस आणि रानमांजरासाठी वेल्डेड जाळी हवी. भोकं अर्ध्या इंचाची ठेवली तर चिमण्याही आत घरटं करत नाहीत, आणि चिमण्या हा कोळी घेऊन येतात.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत घुसत नाही. मे महिन्यात इथे पारा 45 पर्यंत जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पत्र्यावर कडबा पसरावा, भिंतीऐवजी जाळी ठेवावी. त्याच उन्हाचा दुसरा उपयोगही आहे. 45 अंशांच्या वर हा कोळी जगत नाही आणि तापलेला पत्रा त्याहून कितीतरी गरम असतो. सोडवलेल्या फळ्या आणि दांड्या दुपारभर त्यावर पालथ्या टाकल्या की बरंच काम फुकट होतं. हे सुख युरोपातल्या कोंबडीवाल्याला नाही.

बाकी वर्षभर नजर ठेवावी लागते. कोंबड्या संध्याकाळी आत जायला कुरकुर करतात, तुरा फिका पडतो, खुडूक कोंबडी अंडी सोडून उठते. तेव्हा रात्री बॅटरी घेऊन पांढरं फडकं दांडीच्या खालून फिरवावं. रक्ताचे डाग उमटले तर शंका उरत नाही. केळीच्या निर्यातीच्या खोक्यांचा पन्हाळीदार पुठ्ठा इथे सहज मिळतो. त्याची पट्टी दांडीखाली बांधली की कोळी तिच्या नळ्यांत लपतात. दोन दिवसांनी ती काढून जाळावी, लगेच दुसरी बांधावी. आतून चुन्याचा दाट हात द्यावा, फटी बुजतात. चुलीची राख आणि बारीक माती टोपल्यात ठेवली की कोंबड्या स्वतःच लोळून घेतात. कुठलाही उपाय केला तरी आठवड्याभराने तो पुन्हा करायचा, कारण पहिल्या वेळी कोळ्यांची अंडी वाचलेली असतात.

वाळवीसाठी गॅरेजमधलं जळकं ऑइल फासायची सवय मात्र इथे नको. कोंबडी लाकूड टोचते. आणि केळी-कापसासाठी घरात असलेलं औषध खुराड्यात मारायचा मोह तर फार घातक. 2017 मध्ये नेदरलँड्समध्ये नेमका हाच कोळी मारायला कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल वापरलं गेलं. ते अंड्यांत उतरलं आणि युरोपभर लाखो अंडी नष्ट करावी लागली. आपल्याकडे फिप्रोनिल पिकांवर सर्रास फवारलं जातं आणि कृषी केंद्रात सहज मिळतं. कोळी आटोक्यात येत नसेल तर जनावरांच्या दवाखान्यात विचारावं, तालुक्यातच पालला कृषी विज्ञान केंद्रही आहे. औषध लिहून घेताना किती पाण्यात किती, हे तर विचारावंच. शिवाय फवारल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावं.