थर्मोस्टॅटला सगळे सांगावे लागते

वर्गात शिकवणे रंगात आले आहे आणि शिपाई आत डोकावून तपमान पाहतो, तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षकांचे शिक्षण देणारी शाळा होती. तेथील वॉरेन जॉन्सन या शिक्षकाला या येण्याजाण्याचा त्रास होई. त्याने असे उपकरण केले, की वर्गातले तपमान बदलले की तळघरात घंटा वाजावी. १८८३ साली त्याला विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट मिळाले.

घंटा फक्त निरोप देई. खाली कोणते यंत्र आहे आणि ते कसे चालवायचे, हे शिपायाला ठाऊक असे. आज शिपाई राहिलेला नाही. त्यामुळे त्याचे ज्ञान थर्मोस्टॅटलाच पुरवावे लागते.

आमचा एक माजी विद्यार्थी नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहतो. ऐन थंडीत त्याने घरचा जुना थर्मोस्टॅट काढून नवा बसवला. घरात तान्हे मूल. तपमान २१ अंश सेल्सिअस लावले, पंखा सुरू झाला, पण जाळीतून गार वारा येऊ लागला! खोली गार झाली म्हणून थर्मोस्टॅटने उष्णता मागितली, आणि मागितली म्हणून खोली आणखी गार झाली. नियंत्रणाची साखळीच उलटी फिरली होती.

त्याच्या घरी उष्णता पंप होता. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून त्याची मागची किंवा बाजूची भिंत कोमट लागते. उन्हाळ्यात हा पंप तेच काम घरासाठी करतो. हिवाळ्यात एक झडप फिरते, वायूची वाट उलटते आणि बाहेरच्या थंड हवेतली उष्णता घरात येते. (थंड हवेत उष्णता कुठली, असे मुले विचारतातच. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३ केल्व्हिन, एवढे सांगितले की पुरते.) कॉम्प्रेसर दोन्ही ऋतूंत एकच. फरक फक्त झडपेचा.

ही झडप काही यंत्रांत गारव्यासाठी वीज दिल्यावर फिरते, तर काहींत उष्णतेसाठी. पहिल्या प्रकारच्या तारेला ‘ओ’ म्हणतात, दुसऱ्या प्रकारच्या तारेला ‘बी’. बहुतेक यंत्रे ‘ओ’ प्रकारची असतात. आमच्या विद्यार्थ्याने ‘बी’ निवडले होते. एकही तार न हलवता ती नोंद बदलली आणि थोड्याच वेळात गरम हवा येऊ लागली.

गॅसच्या भट्टीत हा प्रश्नच नसतो. थर्मोस्टॅट ‘डब्ल्यू’ तारेवरून निरोप देतो, ज्योत पेटते आणि आतला पत्रा तापल्यावर भट्टी स्वतःच पंखा लावते. विजेच्या भट्टीतली वेटोळी मात्र लगेच तापतात, म्हणून तेथे पंखाही थर्मोस्टॅटनेच लावावा लागतो. दोन्ही भट्ट्याच, पण नोंद वेगळी.

बॉयलरचे पाणी रेडिएटरमध्ये खेळवतात, तेथे पंखा नसतो. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे अनेक थर्मोस्टॅटांत तासाला किती वेळा सुरू व्हायचे, तो आकडाही भरतात : वाफेसाठी १, गरम पाण्यासाठी ३, साध्या गॅसभट्टीसाठी ५, विजेच्या भट्टीसाठी ९. वाफेला ९ लावले, तर रेडिएटर पुरता तापण्याआधीच बॉयलर बंद!

काटकसरीचा नियमही यंत्रानुसार बदलतो. रात्री तपमान बरेच उतरवायचे आणि पहाटे चढवायचे, हे गॅसभट्टीला चालते. उष्णता पंप सौम्य थंडीत एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता आणतो, पण पहाटेच्या मोठ्या चढाला त्याच्या मदतीला विजेची वेटोळी पेटतात. ती एकास एकच देतात, आणि रात्रीची बचत तेथे खर्ची पडू शकते.

घरात काय आहे ते कसे ओळखायचे? खोलीत रेडिएटर असेल तर बॉयलर. गॅसची नळी आणि धुराडे भट्टीपाशी पोचत असेल तर गॅसभट्टी. उष्णता सुरू असताना बाहेरचा खोका फिरत असेल आणि त्यातून हवेपेक्षाही गार वारा येत असेल, तर उष्णता पंप. जुना थर्मोस्टॅट काढण्यापूर्वी त्याच्या तारांचा फोटो घ्यावा. या तारा २४ व्होल्टच्या असतात, तरी वीज बंद करूनच हात लावावा. भिंतीच्या तळाशी लावलेल्या विजेच्या हीटरांना मात्र बहुधा १२० किंवा २४० व्होल्ट थेट थर्मोस्टॅटमधून जातात. तेथे २४ व्होल्टचे उपकरण जोडले तर ते जळेल, कदाचित आगही लागेल.