चित्रातलं अंडं

जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने शाळेतल्या दुपारच्या जेवणातल्या अंड्याचा पैसा थांबवला. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं, आठवड्याला एक. पुढे द्यायचं असेल तर लोकवर्गणी काढा, असं शाळांना कळवलं. चित्रपुस्तकांतल्या अंड्याला मात्र कुणी हात लावलेला नाही. तिथे ते दुधाचा पेला आणि पालकाच्या जुडीशेजारी अजून हसतंय. मुलांच्या खाण्यावरची पुस्तकं हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे ते हसू मला जरा जास्तच लागलं.

जुना काळ भराभर उरकतो. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला निघाली, 1971 मध्ये बालभारतीचं ‘किशोर’ सुरू झालं. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात त्यातलं जे पोचलं ते मुख्याध्यापकांच्या कपाटापर्यंत. आरोग्याच्या धड्यात चौरस आहार असे आणि तो वाचताना हमखास जांभई येई. खाण्याची खरी मजा आजीच्या गोष्टीत होती. तूप-रोटी खाऊन जाडजूड व्हायला लेकीकडे निघालेली म्हातारी कुणाला जीवनसत्त्वं शिकवायला निघाली नव्हती.

मला रेंगाळायचंय ते 2001 ते 2010 या वर्षांत, कारण तेव्हा मी याच डोंगरात मास्तर होतो. 1995 च्या शालेय पोषण आहार योजनेत पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. नोव्हेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, शिजवून द्या. मग हळूहळू शाळेतच चूल पेटली. 2004 मध्ये प्रथम बुक्स सुरू झालं आणि पातळ, रंगीत, मास्तराच्या खिशाला परवडतील अशी पुस्तकं मराठीत मिळू लागली. खिचडी आणि पुस्तक एकाच व्हरांड्यात आलं, त्यामुळे पानापानावर हळदीची बोटं उमटली. तपासणीला आलेले एक साहेब ती बोटं बघून भडकले. नुकसान पगारातून वसूल करीन म्हणाले. आम्ही कपाटाला कुलूप लावलं नाही, त्यांनी शेरा मारला. साहेब पुढे बढतीवर गेले. त्यांच्या हातात कधी मुलांचं पुस्तक दिसलं नाही.

माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधली माणसं पोरांना फार आवडायची. घर शहरातलं, पण तिथे ऊठसूट उपदेश नाही. एरिक कार्लची 1969 ची ती खादाड अळी घ्या. शनिवारी केक, आइस्क्रीम, सलामी, जे दिसेल ते खाते आणि रात्री पोट दुखतं. दुसऱ्या दिवशी एक हिरवं पान खाऊन बरी होते. लेखक तिला एका शब्दाने रागवत नाही. आपल्याकडच्या पोषणाच्या पुस्तकात मात्र गाजर भाषण करतं.

खंत वेगळीच आहे. ज्याच्या नावाने तालुका, ते आंबेगावच डिंभे धरणात बुडालं. त्या पाण्याकाठच्या पोराच्या ताटात नाचणीची भाकरी, वरईचा भात, पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, चाईचा मोहोर आणि ओढ्यातले खेकडे. एवढ्या वर्षांत हे ताट मला एकाही चित्रपुस्तकात दिसलं नाही. चित्रात सफरचंद, आणि आता ब्रोकोली. 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून नाचणी एकदाची पोस्टरवर चढली, पण नाचणी खाणारं पोर तिच्याशेजारी कुणी काढलं नाही. तोवर किराणा दुकानाच्या दारात पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकल्या होत्या. त्यांच्यावरची चित्रं, कबूल करायला हवं, आमच्या पुस्तकांपेक्षा झकास असतात.

आता नवी टूम व्यायामाची. पुस्तकातली मुलं बागेत दोरीवरच्या उड्या मारतात, सायकली फिरवतात, शेवटच्या पानावर सल्ला: रोज तासभर मोकळ्या हवेत खेळा. डोंगरातल्या वाडीवरचं पोर शाळेला यायला चढ-उतार तुडवतं, त्याला हा सल्ला कशाला? आणि खाली नारायणगाव-मंचरकडे, जिथे पोरं व्हॅनमधून शाळेत जातात, तिथे मोकळी हवा उसाने वेढलेली. कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबटे वाढले. 2001 ते 2003 मध्ये जुन्नर वनविभागात हल्ल्यांची पहिली मोठी लाट आली. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र झालं, तिथले पिंजरे भरले, आणि 2025 च्या दिवाळीच्या आगेमागे शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याने पुन्हा मुलं नेली. आता ऊन उतरायच्या आत आया पोरांना घरात ओढतात. विटीदांडू, लगोरी, आबाधुबी सगळं दाराआड, म्हणजे मोबाइलवर. त्या आयांना दोष कोण देणार? चित्रकाराने पुण्याहून एकदा मंचरची एसटी धरावी, नोव्हेंबरात. संध्याकाळी सहाला उसाच्या बांधावर बसावं आणि तिथे खेळणाऱ्या पोरांचं चित्र काढून दाखवावं.