घरचा वायफाय विहिरीपर्यंत

पुरंदर, भोर व बारामती या तालुक्यांतील शेतकरी एस.टी.ने स्वारगेटला उतरतो आणि शिवाजी रस्त्याने बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठतो. विजेचे सामान तेथे मिळते हे त्याला ठाऊक असते. आता त्याच्या यादीत स्टार्टर व केबल यांच्या जोडीला घरचा वायफाय विहिरीवरील मोटारीपर्यंत पोहोचविणारे यंत्रही असू शकते. शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी रात्रपाळीने मिळते. काळोखात बांधावरून जाताना सर्पदंशाचे भय असते आणि जुन्नर भागात उसात दडलेल्या बिबट्याचेही. मोटार घरातूनच चालू-बंद करता आली, तर निदान एक खेप टळते.

अशा वेळी ‘जास्त ताकदीचा’ राउटर घेण्याचा मोह होतो, आणि पैसा वाया जातो तो येथेच. वायफाय हे आकाशवाणीसारखे एकतर्फी प्रक्षेपण नव्हे. ते दोन यंत्रांचे संभाषण होय. घरचा राउटर कितीही मोठ्याने बोलला, तरी स्टार्टरमधील चिमुकल्या यंत्राचे उत्तर घरापर्यंत न आल्यास संदेश पुरा होत नाही. त्यातच अंतर दुप्पट झाले की मोकळ्या रानातही लहरींचा जोर चौथाईवर येतो. यास्तव विहिरीच्या बाजूस, आणि शक्य तर दोन्ही टोकांस, एकाच दिशेने रोखलेली अँटेना बसवावी. विजेरीतील आरसा जसा प्रकाश एकवटतो, तशी ही अँटेना लहरी एकवटते. विशेष म्हणजे ती पाठविण्यास जितकी उपयोगी, तितकीच ऐकण्यासही.

स्वारगेटच्या दाट वस्तीतील अडचण निराळी आहे. तेथे अंतर थोडे. पण भिंती पुष्कळ, आणि शेजाऱ्यांचे वायफाय एकमेकांत मिसळतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांना बाधा न आणणाऱ्या वाहिन्या तीनच मानल्या जातात : १, ६ व ११. तेथील आप्ताच्या सदनिकेत उपयोगी पडलेला रिपीटर शेतावरही चालेल असे समजू नये. रिपीटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. लहर पोहोचतच नाही अशा विहिरीवर तो लावल्यास त्याला सांगण्यासारखे काहीच नसते. तो वाटेत, वीज असलेल्या जागी हवा. आणि एकाच वाहिनीवर ऐकणे व सांगणे दोन्ही करावे लागल्याने वेग सुमारे निम्मा होतो.

पिकाचा अडथळा मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लहर दोरीसारखी सरळ जात नाही. चातीप्रमाणे ती मध्यभागी फुगते. घर व विहीर यांत ३०० मीटर अंतर असल्यास मध्यावर तो फुगवटा खाली-वर सुमारे ३ मीटर असतो. मध्ये ३ मीटर उंचीचा ऊस असेल तर दोन्ही टोकांच्या अँटेना ५ ते ६ मीटर उंच हव्यात. पाणीदार पाला लहरी शोषून घेतो. लागणीच्या वेळी यशस्वी ठरलेली चाचणी ऊस वाढल्यावर फसते ती यामुळेच. ग्रामसेवकांनी चाचणी उभ्या पिकात करून दाखवावी. या पट्ट्यास परवाना लागत नाही; पण २००५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अँटेनेची वाढ धरून ४ वॅटची मर्यादा आहे.

मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील खेडी जोडताना दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधील रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या. कमी कंपनसंख्येच्या लहरी झाडीतून अधिक सहज जातात. तो पट्टा शेतकऱ्यास खुला नाही. परंतु ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे, आणि मोटारीस ‘चालू’ वा ‘बंद’ एवढेच सांगायचे असल्यास त्यावरील यंत्रे पुरेशी होतात. विहिरीवर मोबाईलची रेंज असेल, तर सिमकार्डाचा ऑटो-स्टार्टर घ्यावा आणि ही सारी यातायात टाळावी, हेच उत्तम.

खांब धातूचा असल्यास वळवापूर्वी त्याची अर्थिंग करून घ्यावी. मोटार दुरून चालू होऊ शकते हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. दुरुस्तीसाठी विहिरीत उतरण्याआधी तेथील मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत.