क्रूझवर बक्षिशी किती द्यावी?

क्रूझची सहल ठरवताना तिकीट, व्हिसा, खरेदी यांचा हिशेब होतो; बक्षिशी मात्र विसरली जाते. अमेरिकी कंपन्यांच्या बहुतेक मोठ्या जहाजांवर ती रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर या दराने आपोआप बिलात लागते, सहसा मुलांचीही. म्हणजे चौघांच्या सात रात्रींचे किमान ४४८ डॉलर! तेव्हा ही रक्कम तिकिटात धरली आहे का, हे आधीच विचारा. बारच्या बिलात सेवाशुल्क बहुधा असतेच. वेगळी टिप ऐच्छिक.

सेवेत उणीव असेल तर त्याच दिवशी सांगा. पण शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन बक्षिशी रद्द करून घेऊ नका. तुमची खोली आवरणारा कर्मचारी, कदाचित गोव्याचाच, महिनोन्‌महिने घरापासून दूर राहून याच पैशांवर संसार चालवत असतो.