एका मुलासाठी एक परिचारिका

रुग्णालयातील अतिदक्षता विभागात दहा-पंधरा वर्षे काढलेली परिचारिका एखाद्या आजारी मुलाच्या घरी जाऊन रात्रपाळी करू लागली, की तिचे काम हलके झाले असे अनेकांना वाटते. रुग्ण एकच आणि धावपळ नाही. प्रत्यक्षात असे काम पत्करणाऱ्या अनुभवी परिचारिकेलाही बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

अमेरिकेत या सेवेला 'प्रायव्हेट ड्युटी नर्सिंग' म्हणतात. तिच्या इतिहासात आयोवा राज्यातील केटी बेकेट या मुलीचे नाव अटळपणे येते. १९७८ मध्ये जन्मलेल्या केटीला पाच महिन्यांची असताना मेंदूदाह झाला आणि ती व्हेंटिलेटरवर अवलंबून राहिली. ती रुग्णालयात राहिली तर 'मेडिकेड' ही सरकारी योजना खर्च देणार, घरी नेली तर नाही, असा तेव्हाचा नियम होता. आणि घरची शुश्रूषा तर कितीतरी स्वस्त! राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये पत्रकार परिषदेत ही विसंगती मांडली. केटीला घरी जाता आले आणि १९८२ च्या कायद्याने अशा इतर मुलांसाठीही राज्यांना वाट मोकळी झाली. केटी पुढे ३४ वर्षांची होऊन २०१२ मध्ये निवर्तली.

अशा मुलाच्या गळ्यात बहुधा ट्रेकिऑस्टोमीची नळी असते. लहान मुलाची नळी इतकी अरुंद, की थोडासा घट्ट कफही ती बंद करू शकतो. रुग्णालयात घंटा दाबली की डॉक्टर धावून येतात. घरी पहाटे तीन वाजता परिचारिका एकटीच असते. सक्शनने कफ निघाला नाही, तर तिने तत्क्षणी नळी बदलायची, अम्बू बॅगने श्वास द्यायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. म्हणूनच त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन जादा नळ्या उशाशी आहेत ना, सक्शन यंत्र चालते ना, बॅटरी भरलेली आहे ना, हे पाळीच्या आरंभीच पाहावे लागते. यंत्राचा गजर झाला तर आधी मुलाकडे पाहायचे, मग यंत्राकडे, ही सवय इथे जिवाची ठरते.

दुसरी अडचण तंत्राची नाही. त्या मुलाविषयी आईला परिचारिकेपेक्षा अधिक कळते. 'आज हिचा रंग वेगळा दिसतोय' असे ती म्हणाली, की ऑक्सिजनचा आकडा ठीक असला तरी ते मनावर घ्यावेच लागते. विभागात हुकूम चालवण्याची सवय झालेल्यांना हे जड जाते. शिवाय घर दुसऱ्याचे. तिथली भांडणे, पाहुणे, देवधर्म सारे कानांवर पडते आणि ते तिथेच ठेवायचे असते. अमेरिकेत या कामाचा मोबदला बहुधा रुग्णालयापेक्षा कमी मिळतो. त्यामुळे पाळ्या रिकाम्या राहतात आणि त्या रात्री आईबापांना जागून काढाव्या लागतात.

आपल्या शहरांतही आता मुले व्हेंटिलेटरसह घरी जातात; खर्च मात्र बहुतेक कुटुंबाच्याच खिशातून होतो. त्यातच 'नर्स' हा शब्द आपण फार सैल वापरतो. ब्युरोने पाठवलेल्या बाईंची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आहे का, हे विचारायला संकोचू नये. आणि लहान मुलाची ट्रेकिऑस्टोमीची नळी त्यांनी स्वतःच्या हाताने कधी बदलली आहे का, हे तर विचारावेच.