मस्तिष्कावरणशोथ, सूक्ष्मजंतुजन्य : प्रौढांतील प्रतिजैव चिकित्सा

मेंदू व मेरुरज्जू यांना वेढणाऱ्या आवरणांच्या सूक्ष्मजंतुसंक्रामणामुळे होणाऱ्या तीव्र दाहयुक्त विकारास सूक्ष्मजंतुजन्य मस्तिष्कावरणशोथ किंवा मेनिंजायटिस म्हणतात. ताप, तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे व शुद्ध हरपत जाणे ही प्रमुख लक्षणे होत. मात्र ती सर्व प्रत्येक रोग्यात आढळतातच असे नाही. उपचारांअभावी हा विकार बहुधा प्राणघातक ठरतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी यावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिरक्तरसे व पुढे सल्फा औषधे वापरीत. १९४२ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका रोग्यास पेनिसिलीन स्नायूंतून टोचले, तेव्हा ते मस्तिष्क-मेरुद्रवात उतरत नसल्याचे आढळले. मग ते थेट त्या द्रवातच सोडल्यावर रोगी बरा झाला. या चिकित्सेतील मूलभूत अडचण त्यातून स्पष्ट होते.

औषधनिवडीची तत्त्वे : रक्त व मेंदू यांमधील नैसर्गिक अडसर पुष्कळशा औषधांना रोखतो. दाहामुळे तो काहीसा सैल होतो. पण दाह ओसरताच पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे रोग्यास बरे वाटू लागले, तरी मात्रा कमी करीत नाहीत. शिवाय या द्रवात प्रतिपिंडे अत्यल्प असल्याने जंतूंची केवळ वाढ थांबविणारी नव्हे, तर त्यांचा नाश करणारी औषधे नीलेतून मोठ्या मात्रेत द्यावी लागतात.

प्रौढांत न्यूमोकॉकस व मेनिंगोकॉकस हे जंतू मुख्यत्वे कारणीभूत असतात. त्यांवर सेफ्ट्रायाक्झोन २ ग्रॅ. दर १२ तासांनी देतात. पेनिसिलिनाला न जुमानणारे न्यूमोकॉकस आता अनेक देशांत आढळत असल्याने, जंतूची संवेदनशीलता कळेपर्यंत व्हँकोमायसीन जोडतात. पन्नाशीनंतर, तसेच प्रतिकारशक्ती क्षीण असताना लिस्टेरिया जंतूचा संभव असतो. त्यावर सेफ्ट्रायाक्झोन निरुपयोगी असल्याने अँपिसिलीन २ ग्रॅ. दर ४ तासांनी देतात.

कालमर्यादा : कटिभागातील मणक्यांमधून सुईने काढलेल्या मेरुद्रवाच्या परीक्षणाने निदान पक्के होते. त्यात बहुरूपकेंद्री श्वेत कोशिका व प्रथिने वाढलेली आणि ग्लुकोज घटलेले आढळते. परंतु शुद्ध बरीच हरपली असेल किंवा नुकतेच झटके आले असतील, तर आधी मेंदूचे संगणकीय छायाचित्रण करावे लागते. अशा वेळी संवर्धनासाठी रक्त घेऊन औषधाची पहिली मात्रा तत्काळ देतात. छायाचित्रणासाठी थांबत नाहीत. रुग्णालयात आल्यापासून तासाभरात औषध सुरू व्हावे, असा दंडक आहे.

पूरक उपचार : मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे दाह वाढतो. म्हणून पहिल्या मात्रेपूर्वी किंवा तिच्याबरोबर डेक्सामेथासोन १० मिग्रॅ. देऊन ते दर ६ तासांनी ४ दिवस चालू ठेवतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३०१ प्रौढांवरील यूरोपीय चाचणीत त्यामुळे मृत्युप्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मालावीतील २००७ च्या चाचणीत मात्र असा लाभ दिसला नाही.

चिकित्सेचा कालावधी : मेनिंगोकॉकससाठी सामान्यतः ७, न्यूमोकॉकससाठी १० ते १४ व लिस्टेरियासाठी किमान २१ दिवस चिकित्सा चालते. मेनिंगोकॉकसच्या रोग्याच्या निकटवर्तीयांनाही रिफँपिसीन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसीन देतात. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाची औषधे वेगळी असून ती कित्येक महिने घ्यावी लागतात. बरे झालेल्यांपैकी काहींना कायमचा बहिरेपणा येत असल्याने घरी पाठविण्यापूर्वी किंवा त्यानंतर लवकरच श्रवणपरीक्षा करणे आवश्यक असते.